खाट रिकामी नाही

६ फेब्रुवारी
सामान्य कक्ष, दारापासून तिसरी खाट

प्रिय वकीलबाई,

मामाचा आशीर्वाद घे. आडवा पडून दिला असला तरी पूर्ण लांबीचा आहे.

तुझा फोन आला होता, पण फोनवर मला फक्त घरघर ऐकू येते. तेव्हा आपलं पत्रच बरं. कागद माझ्या कानात ओरडत नाही.

पडलो ती हकिकत मामीने तुला तिच्या पद्धतीने सांगितली असेलच. आता माझ्या तोंडून ऐक. आपला हा दवाखाना पालिकेचा होता, तो मागे कंपनीला चालवायला दिला, हे तुला माहीत आहे. कंपनीला दारावर आपलं नाव हवं होतं. दारावरची जुनी पाटी, 'सार्वजनिक रुग्णालय', तरुणपणी मीच रंगवलेली. नवीही मीच रंगवणार, दुसरा कोण आहे गावात? मामी म्हणाली, "जिथे आपला लेक मरता मरता वाचला, त्या दवाखान्याचं नाव तुमच्याच हाताने पुसायला निघालात?" मी म्हटलं, धंदा म्हणजे धंदा. शिडीवर चढलो, 'सार्वजनिक'वर पांढरा हात मारला, आणि शिडी सरकली. मांडीचं हाड गेलं. पडलो तेही दवाखान्याच्या दारातच, स्ट्रेचर आणायलासुद्धा कुणाला धावावं लागलं नाही. बाहेर पाटीवर आता नुसतं 'रुग्णालय' उरलंय. कुणाचं, ते वाचणाऱ्याने ठरवावं.

मामी तेव्हापासून रुसली आहे. डबा इस्त्रीवाल्याच्या हाती येतो, स्वतः येत नाही. येऊ नकोस म्हणावं तिला.

वॉर्ड मात्र झकास. इथे एक जुनी रीत आहे, तुला सांगितलीच पाहिजे. बरा झालेला माणूस खाट तशीच टाकून जात नाही. नवा रोगी येईपर्यंत थांबतो, चादर स्वतः घालतो आणि खाट त्याच्या हाती सोपवतो. वारा कुठून लागतो, कोणत्या सिस्टरची सुई कळतसुद्धा नाही, कोणत्या डॉक्टरला प्रश्न विचारलेले आवडत नाहीत, सगळं सांगतो. मला ही खाट एका गवंड्याने सोपवली. मी वेदनेने किंचाळत होतो आणि तो शांतपणे सांगत होता, "उजव्या बाजूचा खिळा कपडे फाडतो, जपा." ते ऐकून मला भर वेदनेत हसू आलं बघ.

आणि कंपनीची माणसं इतकी वाईट नाहीत गं, उगाच लोक बोलतात. त्यांचे व्यवस्थापक रोज येतात. आधी त्यांचं अत्तर येतं, मग ते येतात. मी त्यांना अत्तरसाहेबच म्हणतो. मला द्राक्षं आणतात. वरच्या मजल्यावरच्या खास खोलीत फुकट हलवतो म्हणाले. इतकंच काय, याच वॉर्डाच्या दारासाठी 'विशेष कक्ष' अशी पाटी करायची आहे, तर अक्षर कसलं घ्यावं म्हणून माझा सल्ला घेतला! कलावंताची कदर करणारी माणसं आहेत.

तुझा
मामा


११ फेब्रुवारी

प्रिय मामा,

तू कलावंत आहेस यात शंका नाही, पण तुझ्याइतका भोळा माणूस मी आमच्या कोर्टातही पाहिला नाही.

तुझ्या पत्रातली ती 'विशेष कक्ष'ची ओळ वाचली आणि हातातला चहा खाली ठेवला. अरे, वॉर्ड सामान्य, आणि त्याच्या दारावर पाटी विशेष? तुला काहीच खटकलं नाही? अक्षर कसलं घ्यावं याचाच विचार करत बसलास?

दवाखाना कंपनीला दिला तेव्हा मैदानावरच्या सभेत करार वाचून दाखवला होता. मी आले होते. तू पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होतास. त्यात एक अट होती: सामान्य कक्ष गावाचा, तो फुकटच चालवायचा. पण कक्षात एकही रुग्ण उरला नाही, तर तो वापरात नाही असं समजून ती जागा कंपनीच्या ताब्यात जाईल. तेव्हा सगळे हसले होते. गावचा वॉर्ड आणि रिकामा? कसं शक्य आहे! आता सांग, तुझ्या आजूबाजूला किती खाटा भरलेल्या आहेत? नवीन रोगी शेवटचा कधी आला?

म्हणून द्राक्षं येताहेत मामा. तुला वर नेताहेत ते तुझ्या हाडासाठी नाही, तुझ्या खाटेसाठी. तू वर गेलास की पुन्हा खाली येणं नाही, आणि गावात ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याला आडवं व्हायला जागा नाही.

तुझ्या मनाविरुद्ध तुला कुणीही दुसऱ्या खोलीत हलवू शकत नाही. घरी केव्हा जायचं हे डॉक्टर ठरवतात, अत्तर नाही. या दोन गोष्टी पाठ करून ठेव. मी पालिकेकडे तक्रार देते आहे.

मामीला मी आजच फोन करते. रुसवा काढते तिचा.

तुझी
वकीलबाई


१६ फेब्रुवारी

प्रिय वकीलबाई,

तुझं पत्र वाचून माझं डोकं असं तापलं की सिस्टरने दोनदा ताप मोजला. टाळ्या वाजवल्या होत्या, कबूल. पहिल्या रांगेत बसलं की माणूस टाळ्या वाजवतोच.

पण तुझं पत्र यायच्या आदल्याच दिवशी काय झालं ते ऐक. अत्तरसाहेब म्हणाले, "खोली नुसती बघून तर या." बघायला काय जातंय, म्हणून चाकाच्या खुर्चीतून वर गेलो. खोटं कशाला बोलू, मोह झाला. मऊ गादी, मोठी खिडकी, टीव्ही, आणि पाहुण्यांना सोफा. माझ्या आख्ख्या आयुष्यात मला कुणी सोफा दिलेला नाही. तेवढ्यात मला मामी आठवली. ती असती तर म्हणाली असती, "बसा आता मखरात!" मी म्हटलं, चला खाली.

खाली येतो तर काय! माझी गादी गुंडाळून दाराशी नेऊन ठेवलेली आणि उघड्या लोखंडी खाटेवर आपला बेकरीवाला मांडी घालून बसलेला. भट्टीत हात भाजला म्हणून तो माझ्या शेजारच्या खाटेवर होता. वॉर्डबॉय त्याला उठ उठ म्हणताहेत आणि हा म्हणतोय, "यांनी मला खाट सोपवली नाही, मी कुणाला सोपवू? रीत म्हणजे रीत." त्याला करारबिरार काही ठाऊक नव्हता गं. नुसती रीत ठाऊक होती. मी खुर्चीतूनच त्याला सलाम ठोकला.

तू विचारलंस म्हणून चौकशी केली. नवीन रोग्याला केसपेपरच्या खिडकीवरच सांगतात, खाली दुरुस्ती चालू आहे, पैसे भरून वर जा नाहीतर मोठ्या शहरात जा. बायकांच्या बाजूच्या खाटा तर दुरुस्तीच्या नावाखाली कधीच उचलून नेल्या. काल बेकरीवाल्यालाही घरी पाठवलं. जाताना रडला बिचारा, खाट सोपवायला कुणी नव्हतं. आता या एवढ्या मोठ्या वॉर्डात मी एकटा. खोकलो तर भिंतीही खोकतात.

आणि माझं हाड! आयुष्यभर काही वेळेवर झालं नाही, हे मेलं नेमकं वेळेवर जुळून येतंय. हाडाची डॉक्टरीण पालिकेची आहे, कंपनीची नाही. पोरगी सरळ. मी तिला म्हटलं, "बाई, लिहा की अजून दुखतंय म्हणून." ती म्हणाली, "काका, वॉर्ड जावा असं मलाही वाटत नाही. पण खोटं मी लिहिणार नाही. पुढच्या सोमवारी तुम्ही घरी." मी कण्हून दाखवलं. तिने माझा चुकीचा पाय दाबला, मी त्यालाही कण्हलो. मग दोघंही हसलो, पण हसून होणार काय? सोमवारी मी उठलो की वॉर्ड गेला.

मामी अजून आली नाही. इतका कसला राग? ज्या दवाखान्यासाठी रागावली, त्याच्यासाठीच तर मी इथे ठाण मांडून बसलोय!

तुझा
एकटा मामा


२० फेब्रुवारी

प्रिय मामा,

डॉक्टरीणबाईंना माझा नमस्कार सांग. त्यांचं बरोबर आहे. खोट्याने हा वॉर्ड राखलास तर उद्या कोर्टात तोच धागा ओढून अख्खं कापड उसवतील. खोटा रोगी नको. खरा हवा.

तक्रार पोचली आहे. पालिकेची सभा लागेल, पण ती सोमवारनंतर. सभेच्या दिवशी वॉर्ड भरलेला असला तर आपल्याला बोलायला तोंड आहे. रिकामा असला तर करारच त्यांच्या बाजूने बोलेल.

मला एक सांग, आपल्या गावात खरोखर कुणी आजारी नाही? का सगळे दुखणं दाबून बसलेत, खिडकीवरून परत पाठवतात म्हणून? आणि खिडकीने परत पाठवलं तरी, कळा येत असलेल्या माणसाला डॉक्टरांनी तपासून दाखल केलं, तर ते कुणाला अडवता येत नाही. हे डॉक्टरीणबाईंना माहीत असेलच, तरी सांग.

मामीबद्दल असं बोलत जाऊ नकोस. मी तिच्याशी बोलले आहे. जास्त काही लिहीत नाही, कारण तिने शपथ घातली आहे. एवढंच सांगते, ती रुसलेली नाही.

तुझी
वकीलबाई


२१ फेब्रुवारी

गुणी पोरी,

मी पत्र लिहीत नाही हे तुला ठाऊक आहे, पण फोनवर बोलले की शेजारी ऐकतात.

तू त्या दिवशी फोनवर माझ्याकडून काढून घेतलंस ते घेतलंस. होय, पोटात उजवीकडे दुखतं. आज नाही, कितीतरी दिवसांपासून. जेवलं की कळ येते, ती पाठीत जाते, मग मी भिंतीला धरून उभी राहते. तुझ्या मामांकडे मी जात नाही ती याचसाठी. ते माझा चेहरा बघून ओळखतील. त्यांचा पाय मोडलेला, त्यात माझं कशाला? रागावले आहे असं त्यांना वाटतंय ना, वाटू दे. त्या रागाला ते सरावलेले आहेत.

दवाखान्याची मला भीती नाही, सुरीची आहे. तू म्हणतेस, मामी, वॉर्डासाठी जा. वॉर्डासाठी मी पोट कापून घेणार नाही, स्पष्ट सांगते. पण काल शेजारीण म्हणाली, तिची सून खिडकीवरून परत आली, कडेवर तापाचं लेकरू घेऊन. तेव्हापासून माझ्या डोळ्याला डोळा नाही. आमचं लेकरू त्याच खिडकीवरून आत गेलं होतं गं. तेव्हा कुणी परत पाठवलं असतं तर?

बघते. त्यांना काही कळवू नकोस.

तुझी
मामी


२७ फेब्रुवारी

प्रिय वकीलबाई,

तू माझ्याशी दगाबाजी केलीस आणि मी तुझ्यावर बेहद्द खूश आहे.

सोमवारची हकिकत सांगतो. सकाळपासून मी खाटेवर ताठ बसून होतो, कपडे घालून, केस विंचरून, फाशीला निघालेल्यासारखा. डॉक्टरीणबाईंनी जड मनाने कागदावर सही केली. दारात अत्तरसाहेब, त्यांच्यामागे दोन वॉर्डबॉय, आणि भिंतीला टेकवलेली ती 'विशेष कक्ष'ची नवी कोरी पाटी. कुठल्यातरी शहरातून छापून आणलेली, अक्षरांत जीव नाही. अत्तरसाहेब म्हणाले, "चला काका, गाडी उभी आहे." मी म्हटलं, "खाट सोपवल्याशिवाय उठायची आमच्यात रीत नाही." ते म्हणाले, "सोपवणार कुणाला?" आणि त्या लांबच लांब वॉर्डाकडे हात केला. मी कुबडी हातात घेतली.

तेवढ्यात व्हरांड्यातून इस्त्रीवाल्याचा आवाज. "बाजूला व्हा, बाजूला व्हा!" मला वाटलं डबा आला. बघतो तर त्याची कपड्यांची हातगाडी, तिच्यावर धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्याला टेकून तुझी मामी! चेहरा पांढराफटक, पोट दोन्ही हातांनी दाबून धरलेलं, आणि तोंड मात्र चालू. खिडकीवरच्या माणसाला म्हणत होती, "दुरुस्ती चालली आहे तर मलाही दुरुस्त करा!"

मी ते ऐकलं आणि समजलो. सगळं समजलो. रुसवा नव्हता तो. माझ्यापासून कळा लपवत होती बाई, आणि मी इथे पडून तिच्या नावाने बोटं मोडत होतो. डोळ्यांतून पाणी आलं, पुसायलाही सुचलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी तिथेच, हातगाडीवरच पोट तपासलं. म्हणाल्या, "पित्ताशय सुजलंय. आत्ता दाखल करायला हवं." अत्तरसाहेब म्हणाले, "वर न्या, वर जागा आहे." मामीने मान वर केली. म्हणाली, "वर जायला मला अजून अवकाश आहे. मी इथेच झोपणार." सगळा व्हरांडा हसला. अत्तरसाहेबांचा एक वॉर्डबॉयसुद्धा हसला आणि मग पाटीमागे तोंड लपवलं.

बायकांच्या खाटा तर त्यांनी नेलेल्या, मग हीच खाट. मी उठलो. म्हणजे एक हात खाटेच्या लोखंडावर ठेवूनच उठलो, आणि मामीचा हात त्याच लोखंडावर येईपर्यंत माझा काढला नाही. इस्त्रीवाल्याने गाडीवरची कडक इस्त्रीची चादर दिली, मी एका पायावर उभा राहून ती घातली. सिस्टरने मध्ये पडदा ओढला. मी मामीला सगळं रीतसर सांगितलं. वारा डावीकडून लागतो. उजव्या बाजूचा खिळा कपडे फाडतो, जप. ती कळ सोसत म्हणाली, "लग्न झाल्यापासून पहिल्यांदा कुठली वस्तू नीट समजावून दिलीत."

काल शस्त्रक्रिया झाली. खडे निघाले. बाटलीत घालून तिने उशाशी ठेवलेत, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते. मी आता रोगी नाही, रोग्याचा नवरा आहे. बाकावर बसतो. सोफ्यापेक्षा बरा आहे.

तुझा
मामा


१२ मार्च

प्रिय मामा आणि मामी,

सभा संपल्याबरोबर गाडी होती, म्हणून वॉर्डात येता आलं नाही. ढोलाचा आवाज तुमच्यापर्यंत पोचला असेल, तेव्हा निकाल कळलाच असेल. आतलं मात्र माझ्याकडून ऐका.

मामी, तुझ्या हातगाडीने गावात काय करून ठेवलंस माहीत आहे ना? तू दाखल झालीस हे कळलं आणि वर्षानुवर्षं दाबून ठेवलेली दुखणी एकदम बाहेर पडली. खिडकीवरच्या माणसाला 'दुरुस्ती' म्हणायची सोयच राहिली नाही, समोर तू ताजी शिवलेली बसलेली. पोस्टमनचा हर्निया आला. शेजारणीच्या सुनेचं लेकरू आलं. हेडमास्तर आले, आणि कुठे दुखतंय ते सांगेनात. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना बाहेर काढल्यावर कुजबुजले म्हणे. खाटा कमी पडल्या तेव्हा त्या दुरुस्तीला नेलेल्या खाटा गुदामातून परत आणाव्या लागल्या, धडधाकट, एक खिळाही न बदललेल्या. त्याच खाटांचे फोटो मी सभेत ठेवले.

अत्तरसाहेबांनी चांगलं भाषण केलं. वॉर्ड वापरात नव्हता, सोमवारी तो रिकामा झाला होता, शेवटच्या रुग्णाचा कागद नव्या रुग्णाच्या आधी झाला होता, म्हणून अटीप्रमाणे जागा कंपनीची. मग नगराध्यक्षांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "वॉर्ड रिकामा झाला होता का?"

त्या उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "कागद झाला होता, पण रुग्ण उठला नव्हता. बाईंचा हात खाटेवर येईपर्यंत त्यांनी आपला काढला नाही. मी समोर उभी होते. ती खाट एक श्वासभरही रिकामी नव्हती."

मामा, मी इतके खटले लढले, पण असं कधी झालं नाही. अख्खी सभा उठून उभी राहिली. बेकरीवाला भाजलेल्या हाताने टाळ्या वाजवत होता. मग प्रश्न नुसता वॉर्डाचा उरलाच नाही. ज्यांनी रोग्यांना खिडकीवरून परत पाठवलं त्यांच्या हाती दवाखानाच कशाला, असं एकजण बोलला, आणि मग सगळेच बोलले. करार रद्द. एकमताने. वॉर्ड, वरचा मजला, तो सोफा, सगळं पुन्हा गावाचं!

मी गाडीत बसून एकटीच हसत होते. शेजारचा प्रवासी उठून दुसरीकडे जाऊन बसला.

तुमची
वकीलबाई


३० मार्च
सार्वजनिक रुग्णालय

प्रिय वकीलबाई,

वरचा पत्ता बघ. पुन्हा वाच. काल सकाळी मी स्वतः रंगवला.

शिडीवर चढलात तर टाके उसवले तरी बेहत्तर, मी शिडी खाली ओढीन, असा मामीचा हुकूम होता. म्हणून पाटीच खाली उतरवली. वॉर्डाच्या व्हरांड्यात दोन बाकांवर आडवी ठेवली, मी खुर्चीत बसलो, आणि आतले सगळे रोगी उठता येईल तसे उठून बघायला आले. पांढऱ्या रंगाखाली माझं जुनं अक्षर अजून दिसत होतं. त्याच्यावरूनच ब्रश फिरवला. मामी मागे उभी राहून म्हणत होती, "आता कसं शोभतं!" तिने माझं कौतुक करावं म्हणून मी मुद्दाम सावकाश रंगवलं.

अत्तरसाहेब परवा गेले. जाताना मला भेटले, हात मिळवला. म्हणाले, "काका, तुमची ती रीत आम्हाला करारात कुठे दिसली नाही." मी त्यांना द्राक्षं दिली.

मामीला आज घरी सोडणार होते. कागद झाला, मध्ये चिघळलेले टाके एकदाचे सुकले, पिशवी भरली. तरी ही आपली खाटेवर बसून. मी म्हटलं, "अगं, वॉर्ड भरलेला आहे, लढाई जिंकली आहे, आता चल." ती म्हणाली, "लढाईचा काय संबंध? खाट सोपवायची आहे."

दुपारी एक मुलगी आली. गावातली नव्हती, बसने कुठून तरी लांबून आलेली. नव्याने दिवस गेलेले, ताप, हातात एक पिशवी, बरोबर कुणी नाही. तिला आपला करार माहीत नव्हता, सभा माहीत नव्हती, काहीच माहीत नव्हतं. दारात उभी राहून वर नवी पाटी वाचून आत आली होती. इतक्या माणसांकडे बघून बावरली. मग हळूच मामीला विचारलं, "ही खाट रिकामी आहे का?"

मामी उठली. एक हात लोखंडावर ठेवून उठली. तिने चादर घातली, उशी थोपटली, उजव्या बाजूचा खिळा दाखवला. मग त्या मुलीचा हात धरून खाटेवर ठेवला आणि म्हणाली,

"रिकामी नाही, बाळ. तुझी आहे."

तुझा
मामा